साठ हजार सातशे रुपये आणि टेबलावर पडलेली सळई

आकडा आधी सांगून टाकतो: ६०,७०० रुपये. शिबिराची नोंदणी ३००, मशीनवरची तपासणी १,२००, किट २३,४०० चं आणि तेही दोनदा, 'नैसर्गिकरीत्या रक्त पातळ करणाऱ्या' गोळ्यांच्या दोन बाटल्या प्रत्येकी ३,४५०, आणि मेंबरशिपचे ५,५००. सगळे पैसे मी माझ्याच फोनवरून पाठवले. कुणी धमकावलं नव्हतं, ओटीपी विचारला नव्हता. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात तेहतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं आणि सदुसष्टाव्या वर्षी एका धातूच्या सळईला भुललो. तक्रारींच्या फेऱ्या सोडल्या तर सहा महिने घराबाहेर याबद्दल कुणाशी बोललो नाही. आता लिहितोय, कारण हृदयविकारावर खनिजांची किट विकणारा तो माणूस अजून गावोगाव टेबल मांडून बसतोय.

आजार खरा होता, हे आधी समजून घ्या. देवळातल्या भजनात मी पंचवीस वर्षं पखवाज वाजवतो. गेल्या वर्षी जानेवारीत एका रात्री छातीत फडफड सुरू झाली, म्हणून मनगटावर बोट ठेवलं, तर ठेका सापडेना. दोन ठोके लागोपाठ, मग खाडा, मग तीन घाईघाईनं. ताल कितीही मोडला तरी कधीतरी समेवर येतो. हा येईना. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात ए-फिब. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. धोका इतरांच्या साधारण पाचपट. वय पासष्टच्या पुढे आणि रक्तदाब, असे धोका मोजायच्या तक्त्यात माझे दोन गुण भरले, म्हणून रक्त पातळ करणारी, गुठळी होऊ न देणारी एपिक्सॅबॅन ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. ठोके आवरायला मेटोप्रोलोल. रक्तदाबाची टेल्मिसार्टन आधीपासून चालूच होती. तिचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

"किती दिवस घ्यायच्या?" मी विचारलं. "आयुष्यभर," डॉक्टर म्हणाले. रांगेत पुढचा पेशंट उभा होता.

त्या एका शब्दानं मी घाबरलो, हे कबूल करतो. त्यात एप्रिलमध्ये नारळ सोलताना कोयता बोटाला लागला आणि वीस मिनिटं रक्त थांबेना. बायको फडकं धरून बसली होती आणि म्हणत होती, "अहो, या गोळ्या तुमचा जीव घेतील." असं घाबरलेलं माणूसच हे लोक शोधत असतात. मेमध्ये शेजारच्या गावात सभागृहात 'हृदय-खनिज शिबिर' लागलं. भजनीमंडळातल्या तिघांनी सांगितलं म्हणून गेलो. मी काही वाट चुकून कुठल्या बाबाकडे गेलो नव्हतो. दीपप्रज्वलन झालं, पंचायतीतले लोक पहिल्या रांगेत होते.

शिबिर घेणारा माणूस तिशीतला, गोव्याबाहेरचा, स्वच्छ बोलणारा. पाया पडला. दुसऱ्या वाक्यापासून मला 'मास्तर' म्हणू लागला. "मास्तर, हृदय विजेवर चालतं आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम ही त्याची वीज. वीज कमी पडली तर दिवा लुकलुकणारच. डॉक्टर दिवा बघतात, वायरिंग कोण बघणार?" आता यातलं अर्धं खरं आहे, आणि मी फसलो तो त्या अर्ध्या खऱ्यामुळेच. ही खनिजं रक्तात फार कमी झाली तर ठोके बिघडतात. हॉस्पिटलात काही वेळा मॅग्नेशियम शिरेतूनही देतात. पण माझ्या रक्तात ते कमी होतं का, हा पहिला प्रश्न. तो मी विचारायला हवा होता. नववीच्या मुलानंही विचारला असता.

त्यांचं उत्तर होतं मशीन. लॅपटॉपला जोडलेला एक डबा आणि वायरच्या टोकाला धातूची सळई. ती मुठीत धरायची, पडद्यावर आकडे पळतात आणि मिनिटभरात छत्तीस पानी रिपोर्ट बाहेर येतो. सुई नाही, रक्त नाही. मी सळई धरली. पडद्यावर मोजणी अठ्ठावीस-एकोणतीसपर्यंत गेली असेल तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. मी सळई टेबलावर ठेवली, चष्म्याच्या घराशेजारी, आणि दाराशी जाऊन बोललो. परत आलो तर मोजणी शंभरावर पोचली होती आणि प्रिंटर चालू होता. मॅग्नेशियम 'तीव्र कमतरता', पोटॅशियम 'मध्यम कमतरता', सगळं माझ्या नावावर. सळई तशीच टेबलावर पडलेली.

मी ते बघितलं होतं. हेच मला आजही रात्री झोपू देत नाही. बघितलं नसतं तर म्हटलं असतं की फसलो. माझ्या डोळ्यांदेखत ते मशीन टेबलाचं मॅग्नेशियम मोजत होतं. मनात आलंही. पण मागे रांग होती, त्यात माझे दोन माजी विद्यार्थी होते, आणि तो मुलगा खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "बसा मास्तर, वेळेवर आलात." मी बसलो. मशीनची चाचणी करायचीच असेल तर सळई ओल्या टॉवेलला गुंडाळून द्या आणि रिपोर्ट येतो का बघा. मी ते तिथेच करायला हवं होतं. मॅग्नेशियम लॅबमध्ये रक्तातून मोजतात, काहीशे रुपयांत. पुढे माझं मोजलं तेव्हा २.० निघालं, अगदी योग्य.

किटमध्ये मॅग्नेशियमच्या गोळ्या, पोटॅशियमच्या पुड्या, टॉरीन, कोएन्झाइम क्यू-टेन, ड जीवनसत्त्व आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, दिवसाला चार ग्रॅम होतील इतक्या. वर रोज दोन शहाळी. "तुमच्या परसात माड आहेत मास्तर, औषध दारात आहे." आठवड्यात जुलाब सुरू झाले. मॅग्नेशियम जास्त झालं की होतातच. त्यानं फोनवर सांगितलं, विषद्रव्यं बाहेर पडताहेत. हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलंत तर तिथेच फोन ठेवा.

आणि मग मला बरं वाटलं. खोटं का सांगू? जूनमध्ये तीन आठवडे फडफड एकदाही झाली नाही. मी बायकोला मनगट पुढे करून दाखवलं. आता कळतं ते असं की, सुरुवातीच्या काळात हा आजार येतो आणि आपोआप जातो. काही तास राहतो, काही दिवस राहतो, मग महिनाभर पत्ता नसतो. तो जातो त्या वेळी आपण जे काही घेत असू त्याला श्रेय मिळतं. मी तेव्हा नुसतं पाणी पीत असतो तरी तो गेलाच असता. त्याहून महत्त्वाचं हे की, फडफड जाणवत नाही म्हणून गुठळीचा धोका जात नाही. ठोके चुकत असतात आणि माणसाला कळतही नाही. रक्त पातळ करणारी गोळी छातीला बरं वाटावं म्हणून नसतेच, ती मेंदूसाठी असते. हे मला डॉक्टरांनी जानेवारीत पाच मिनिटं खर्चून सांगितलं असतं तर कदाचित मी त्या सभागृहाची पायरी चढलो नसतो. माझी चूक मी मान्य करतो, पण त्या पाच मिनिटांचाही हिशेब कुणीतरी द्यावा.

"गोळ्या बंद करा" असं तो कधीच म्हणाला नाही. इतका तयार माणूस. "शरीरच तुम्हाला सांगेल, मास्तर." सोबत नॅटोकायनेजच्या बाटल्या दिल्या, जपानी पद्धतीनं आंबवलेल्या सोयाबीनपासून केलेलं, रक्त आपोआप पातळ ठेवतं म्हणाला. ए-फिबमध्ये ते एपिक्सॅबॅनची जागा घेऊ शकतं याला कुठेही पुरावा नाही. जुलैत मी एपिक्सॅबॅन एक वेळ केली. ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरं किट आलं आणि मी ती पूर्ण बंद केली. या गोळीचा असर एक-दोन दिवसांत उतरतो, त्यानंतर माणूस उघडा असतो. मी तीन आठवडे उघडा होतो.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधत होतो. स्टुलावर उभा, डाव्या हातात सुपारीचं कात्रं, म्हणजे घोस, उजव्या हातात सुंभ. कात्रं खाली पडलं. बायकोनं उचलून दिलं, पुन्हा पडलं. मी हाताकडे बघतोय, बोटं मिटायला सांगतोय, बोटं ऐकत नाहीत. तिच्याकडे बघून काहीतरी बोललो तर ती किंचाळली, कारण माझं तोंड एका बाजूला ओढलं होतं. शेजारच्या मुलानं मला धरून उतरवलं, १०८ बोलावली, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. चाळीस मिनिटांनी हात आपोआप परत आला. पक्षाघाताची पहिली खेप, गुठळी विरघळली म्हणून वाचलो. तुमच्या घरी असं झालं आणि हात परत आला, तरी घरी बसू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि परत येईल की नाही हे आधी कुणालाच कळत नसतं.

पण तिथल्या डॉक्टर धावल्या त्या हातामुळे नव्हे. रक्तात पोटॅशियम ६.२ आलं होतं. पाचच्या आसपास वरची मर्यादा. टेल्मिसार्टन शरीरात पोटॅशियम धरून ठेवते, त्यावर रोजच्या पुड्या आणि दोन शहाळी. आणखी वाढलं असतं तर हृदय थांबलं असतं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, इन्सुलिन आणि ग्लुकोज लावलं. वायरिंग दुरुस्त करायला घेतलेल्या पुडीनं मी मरणार होतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा अशा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटॅशियमची पुडी तोंडात टाकू नका. पुन्हा सांगतो, टाकू नका.

माशाच्या तेलाचं मुलीनं नंतर शोधून दाखवलं. दिवसाला चार ग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेनं हाच आजार होण्याचा धोका वाढू शकतो, आणि युरोपच्या औषध नियामकांनी २०२३ मध्ये तसा इशारा दिलेला आहे. अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांना पाचेक वर्षं ड जीवनसत्त्व आणि कमी मात्रेत माशाचं तेल देऊन पाहिलं, २०२१ मध्ये निष्कर्ष आला, ए-फिब टाळण्यात काही फायदा नाही. आम्ही रोज बांगडे खाणारी माणसं. तेवढे पुरे होते.

आता तक्रारीचं. सप्टेंबरमध्ये पोलिसांकडे गेलो. "मास्तर, पैसे तुम्ही दिले, माल तुम्हाला मिळाला, यात गुन्हा कुठे?" मी पुड्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या परत माझ्याकडे सरकवल्या. मग एका सरकारी खात्यात गेलो. एका टेबलावर म्हणाले, हे अन्नात येतं. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, रोग बरा करतो म्हणून विकलं ना, मग औषधात. दोन टेबलांमध्ये दहा पावलांचं अंतर, आणि मी तिथे चार खेपा घातल्या. पाकिटावर बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' छापलेलं आहे, कायद्यानं छापावंच लागतं. ते भिंगातून मला दाखवून मलाच विचारलं, "हे वाचलं नव्हतं?" १९५४ चा औषधं आणि जादूच्या उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या यादीत हृदयरोग आहे. मी त्याची प्रत काढून नेली. साहेब म्हणाले, सभेत बोलणं म्हणजे जाहिरात नव्हे. मी त्यांना त्यांच्याच कायद्यातली व्याख्या वाचून दाखवली, तोंडी घोषणाही जाहिरात धरली आहे. ते म्हणाले, "अर्ज आवकमध्ये द्या." दिला. शिक्का आहे. उत्तर नाही.

ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर आधी उत्तर की दक्षिण यावर घोळ. फोंडा २०१५ मध्ये दक्षिण जिल्ह्यात गेला, हे मला त्या माणसाला सांगावं लागलं. मग म्हणाला, विकणारा गोव्याबाहेरचा, तिकडे जा. हे साफ चूक आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद घ्या. माझी केस शेवटी दाखल झाली, पण अडकली आहे बिलावर. माझ्याकडे बिल नाही, 'सदस्य सहयोग' लिहिलेली पावती आहे, तिच्यावर जीएसटी नंबर नाही. बिल मागा. "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो" म्हणाला की उठा. आणि मेसेजचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. माझ्या फोनवर त्याचे अकरा मेसेज होते, आता अकरा ठिकाणी 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढंच दिसतं.

एक गोष्ट अजून बायकोशिवाय कुणाला सांगितलेली नाही. मेंबरशिप घेतली की ओळखीतून झालेल्या किटवर दहा टक्के मिळतात. जूनमध्ये, मला बरं वाटत होतं तेव्हा, आमच्या शाळेतल्या एका निवृत्त बाईंना मीच घेऊन गेलो. त्यांना गुडघेदुखी. त्यांनाही तेच किट दिलं, त्याच पुड्या. माझ्या खात्यात २,३४० रुपये आले आणि मी ते ठेवले. बाईंना रक्तदाब आहे, गोळी कुठली ते मी विचारलंच नव्हतं.

बांबोळीहून सुटलो त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पुड्या थांबवा आणि उद्याच पोटॅशियम तपासा, एवढं दारातूनच सांगितलं. २,३४० रुपये पाकिटात घालून पुढे केले. त्यांनी पुड्यांचा डबा आणून माझ्या हातात दिला. पाकीट घेतलं नाही, दार लावून घेतलं. रिपोर्ट ४.८ आला, हे मला लॅबमधल्या माझ्या विद्यार्थ्याकडून कळलं. पाकीट माझ्या कपाटात तसंच आहे.