एज्युकेशन लोन आणि महाडीबीटी, वर्ष होत आलं, आमचा अनुभव

सरळ सांगते, लोन बरं निघालं, महाडीबीटीवरून (राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल) स्कॉलरशिपही मिळते, पण दोन्हीचा टायमिंग कॉलेजशी अजिबात जुळत नाही. घरातली एफडी पप्पांच्या बायपासमध्ये संपली आणि त्याच वर्षी भावाचा कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) इंजिनिअरिंगला नंबर लागला, त्यामुळे दुसरा पर्याय नव्हताच.

पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या एज्युकेशन लोन योजनेचं खूप ऐकलं होतं, पण ती ठराविक रँकिंगवाल्या कॉलेजांसाठीच आहे, सुरुवातीला 860 होती, आणि मॅनेजमेंट कोट्याला चालत नाही. भावाचं कॉलेज यादीत नाही. मग सरकारी बँकेतून साधं एज्युकेशन लोन. 4 लाखांपर्यंत मार्जिन (आपल्या खिशातून घालायचा हिस्सा) नाही, तारण नाही, पप्पा को-बॉरोअर (सहकर्जदार). तरी मॅनेजर साहेबांनी आधी "कॉलेजजवळच्या शाखेत जा" करून पाहिलं, कॉलेजजवळचे म्हणाले घराजवळ जा 😑 शेवटी लेखी नकार द्या म्हटल्यावर फाईल हलली. माझी सॅलरी स्लिप पण मागितली, दिली.

चांगली गोष्ट म्हणजे सगळे पैसे एकदम उचलत नाहीत, दरवर्षीचा हप्ता थेट कॉलेजला जातो आणि व्याज तेवढ्यावरच. लाखभर उचलले, साडेनऊ टक्क्यांनी महिन्याला आठशेच्या आत व्याज बसतं, ते मी भरतेच, कारण कोर्स आणि वरचं एक वर्ष ईएमआय नसला तरी व्याज चालू असतं आणि शेवटी मुद्दलात मिसळतं. दरमहा व्याज भरणाऱ्याला काही बँका 1 टक्का सूट देतात, सँक्शन लेटर घेतानाच विचारा.

आता महाडीबीटी. राजर्षी शाहू योजनेत, उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ट्युशन फीच्या निम्मी रक्कम. निम्मी फक्त ट्युशनची हां, डेव्हलपमेंट फी आपल्याच बोकांडी. (मुलींना 2024-25 पासून पूर्ण ट्युशन फी माफ, मी चार वर्षं उशिरा जन्मायला हवं होतं.) उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, कॅपचं अलॉटमेंट लेटर लागतं, आणि मुलाच्या खात्याला आधार सीडिंग (आधार नंबर खात्याशी जोडणं) ॲक्टिव्ह पाहिजे, नुसती झेरॉक्स बँकेत देऊन होत नाही. आमचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनलाच महिनोन्महिने पडून, तिथल्या क्लार्ककडे भाऊ स्वतः जाऊन उभा राहिला तेव्हा पुढे सरकला. पहिला हप्ता आला तोपर्यंत सेमिस्टर संपलेलं.

म्हणून ऑगस्टमध्ये भरायची रक्कम स्कॉलरशिपच्या भरवशावर धरूच नका. लोनमध्ये पूर्ण फी मंजूर करून घ्या, स्कॉलरशिप आली की ती लोन खात्यात टाका, मुदतीआधी भरायला आमच्या बँकेने दंड लावला नाही.

आता बँकेकडून लोनचा सेकंड इयरचा हप्ता सोडवायचाय, त्याला मार्कशीट आणि कॉलेजचं फी डिमांड लेटर लागतं, भावाला ते आत्ताच काढून आणायला लावलंय.