लेखनाची शिकवणी : आठ महिन्यांनंतर

लेक सातवीत. घरात तोंडाचा पट्टा चालू, वर्गात मात्र हजेरीसुद्धा ओठांतल्या ओठांत. निबंध म्हटला की गाइडमधला उतारा जसाच्या तसा. बोलत नाही तर निदान लिहू दे, म्हणून आठवड्यातून दोनदा पाऊण तासाची ऑनलाइन शिकवणी लावली.

पहिला महिना पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. कॅमेरा बंद, उत्तरं 'हो' नाहीतर 'नाही'. ताईंनी बोलायचा आग्रहच धरला नाही. तासाची पहिली दहा मिनिटं मुक्तलेखन : हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही आणि लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. (पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेली पद्धत. मला तेव्हा चक्क वेळकाढूपणा वाटला.) पण कुणी वाचणार नाही म्हटल्यावर बाईसाहेब पानंच्या पानं भरायला लागल्या.

तिसऱ्या महिन्यात तिने आपणहून एक पान दाखवलं. 'लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मी मोबाइल बघायचं नाटक करते.' ताईंनी 'छान' वगैरे काही लिहिलं नाही. समासात एकच प्रश्न : 'तेव्हा स्क्रीनवर काय असतं?' दुसऱ्या खर्ड्यात उत्तर आलं : 'स्क्रीन बंदच असते. त्यात माझाच चेहरा दिसतो.' मी ते दोनदा वाचलं.

शुद्धलेखन मुद्दाम शेवटी. ती 'आणी' लिहायची. ताई म्हणाल्या, "तुझा अंदाज नियमाला धरूनच आहे, मराठीत शेवटची वेलांटी सहसा दीर्घच असते. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद." शाळेच्या वहीत याच शब्दाखाली लाल रेघ असते, बाकी काही नाही.

तक्रारी आहेत. मध्येच ताई बदलल्या आणि नव्या ताईंशी रुळेपर्यंत महिनाभर कॅमेरा पुन्हा बंद. तपासलेला मजकूर कधीकधी आठवड्याने परत येतो, तोवर पोरीचा उत्साह मावळलेला असतो. परीक्षेतले मार्क जेमतेम वाढलेत. तेवढ्यासाठीच लावणार असाल तर लावू नका.

परवा वर्गात तिने लिफ्टवालं पान वाचलं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेलाच नाही, असं तीच सांगत होती. मग मागच्या मुलींनी वही मागून घेतली. अजून परत आलेली नाही, त्यावरून सध्या घरात रोज कटकट चालू आहे.