जुन्या जीपचा कार्ब्युरेटर बदलताना झालेली माझी फसवणूक

आमच्याकडे १९६२ सालची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे. या बनावटीच्या अनेक गाड्यांना पुढे मालकांनी डिझेल इंजिने बसवून घेतली. माझ्या वडिलांनी मात्र मूळचे चार सिलिंडरचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन आणि त्यावरचा अमेरिकन बनावटीचा कार्टर वायएफ कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पुरवणारा भाग, शेवटपर्यंत जपला. भंगाराच्या भावात न मोजली जाणारी ही वस्तू आहे, हे मला ती गमावल्यानंतर कळले.

गेल्या उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना जीप आचके देऊ लागली. सपाट रस्त्यावर ती सुरळीत चाले, चढावर जोर लागला की दम तोडून बंद पडे आणि दहा मिनिटे उभी केली की काहीच घडले नसल्यासारखी पुन्हा सुरू होई. जुन्या जीपच्या कामासाठी नाव असलेल्या एका गॅरेजमध्ये मी ती नेली. तिथल्या मालकाने एअर क्लीनर काढला, थ्रॉटलचा, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या झडपेचा, दांडा बोटांत धरून हलवून दाखवला आणि म्हणाला, “साहेब, हा आता संपला. यात पैसे घालू नका.” दांडा खरोखरच किंचित हलत होता, त्यामुळे त्याचे म्हणणे मला पटले. इतक्या वर्षांच्या वापराने दांड्याची भोके झिजतात आणि तिथून हवा ओढली जाते, हे खरेच आहे. पण त्या दोषाने गाडी प्रामुख्याने आयडलिंगला, म्हणजे उभ्या जागी इंजिन संथ चालत असताना, बिघडते, चढावर पेट्रोलवाचून तडफडत नाही. एवढा साधा विचार मी त्या वेळी केला नाही.

‘परदेशातून आलेला, पेटीबंद, न वापरलेला’ असे सांगून त्याने दुसरा कार्टर बसवला आणि १८,५०० रुपये सांगितले. जुन्याचे काय करायचे, असे मी विचारले, तेव्हा त्याने तो भंगारात धरून बिलातून ५०० रुपये वळते केले. मला तो त्याचा मोठेपणा वाटला, हे लिहिताना आजही लाज वाटते. बिल म्हणजे वहीतून फाडलेला कागद होता. त्यावर ‘कार्ब्युरेटर काम’ एवढेच लिहिलेले होते.

पुढच्याच रविवारी जीप त्याच घाटात, जवळपास त्याच वळणावर बंद पडली.

शेवटी आमच्या गावच्या एका वृद्ध मिस्त्रींनी कार्ब्युरेटरला हातही न लावता आधी फ्युएल पंपाखालची काचेची वाटी सोडवली. तिच्या तळाशी टाकीतला तांबूस गंज चिखलासारखा बसला होता. मग त्यांनी इग्निशन कॉइलची तार काढून ठेवली, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी बाटलीत सोडली आणि मला स्टार्टर फिरवायला सांगितले. पेट्रोल ठसक्याने यायला हवे होते, ते थेंबाथेंबाने आले. पंपाच्या डायफ्रामला, म्हणजे आतल्या लवचीक पडद्याला, चीर गेली होती आणि डिपस्टिकवरच्या ऑइललाही पेट्रोलचा वास येत होता. नवा डायफ्राम, टाकीची सफाई आणि ऑइल बदलणे एवढ्यावर तो आजार बरा झाला.

त्यानंतर त्यांनी तो ‘पेटीबंद’ कार्ब्युरेटर उघडला. चंदेरी रंगाच्या थराखाली जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी बुरशीसारखी खार धरली होती, मुख्य जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या स्क्रूच्या) खाचेवर स्क्रू-ड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे होते आणि गॅस्केट तर चक्क पुठ्ठ्यातून कात्रीने कापलेले होते. वरच्या स्क्रूखाली जी पितळी पाटी असते, ती इथेही होती. पण तिच्यावरचे आकडे एका रेषेत नव्हते, हातोडीने एकेक ठोकल्यासारखे वरखाली होते. नवा म्हणून विकलेला कार्ब्युरेटर माझ्या जुन्यापेक्षाही अधिक झिजलेला होता.

म्हणून अशा गाड्या बाळगणाऱ्यांना माझी विनंती आहे की, गॅरेजमध्ये गाडी देण्याआधी कार्ब्युरेटरचे आणि त्याच्या पाटीचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे, पंप, फिल्टर आणि ठिणगीच्या यंत्रणेतले पॉइंट व कंडेन्सर तपासल्याशिवाय तो बदलू देऊ नये आणि काढलेला भाग कितीही निकामी सांगितला तरी घरी आणावा. नवा म्हणून दिलेला भाग बसवण्यापूर्वी वरचे झाकण उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. बिलावर भागाचे नाव, क्रमांक आणि तो नवा की वापरलेला, हे लिहून घ्यावे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी फोन केला, पण माझ्या चिठोऱ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. गॅरेजमालकाने तर नवा भाग आपण कधी कबूलच केला नव्हता, असे सांगितले.

डिसेंबरमध्ये एका परिचिताची जीप पाहायला गेलो होतो. त्याने ‘पूर्ण दुरुस्त केलेला मूळ कार्टर’ म्हणून नुकताच घेतलेला कार्ब्युरेटर कौतुकाने दाखवला. चोकच्या लिव्हरवर, स्क्रूचे आटे गेल्यामुळे वडिलांनी घट्ट गुंडाळलेली तांब्याची तार जशीच्या तशी होती. त्यानेही पूर्ण पैसे मोजले होते, तेव्हा मागण्याचा धीर मला झाला नाही. पाटीवरचा क्रमांक मात्र मी उतरवून घेतला, आणि कधी विकायचा झाला तर आधी मला सांगण्याचे त्याने कबूल केले आहे.