व्हीट ६: वेग उत्तम, पण जुन्या फोनांची काळजी आपणच घ्यावी लागते

वणी तालुक्यातील एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची वजने आणि चुकारे नोंदवण्याचे वेब ॲप व्हीट ६ ने (वेब ॲपचा कोड चालवून पाहण्याचे आणि ब्राउझरसाठी बांधून देण्याचे साधन) बांधून हंगामभर चालवल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. वेगाबद्दल तक्रार नाही. भारनियमनात आठ जीबी रॅमचा माझा जुना लॅपटॉप बंद पडला, तरी पुन्हा चालू केल्यावर डेव्ह सर्व्हर (कोड लिहिताना ॲप चालवून दाखवणारा सर्व्हर) लगेच उभा राहतो, कारण व्हीट ६ ईएसबिल्ड या वेगवान साधनाने फक्त लायब्ऱ्या (इतरांनी लिहिलेला तयार कोड) आधी बांधून ठेवते आणि बाकीच्या फायली ब्राउझर मागेल तशा पुरवते. वेबपॅक या जुन्या बांधणी-साधनासाठी नवा लॅपटॉप घ्यावा लागला असता. तो खर्च वाचला.

खरा त्रास बिल्ड टार्गेटचा, म्हणजे कोड किती जुन्या ब्राउझरपर्यंत चालेल असा बांधायचा या मर्यादेचा, आहे. ऐन आवकीच्या दिवसांत काट्यावरच्या मुनीमजींच्या फोनवर ॲपचे पान कोरेच राहू लागले. फोनमध्ये जागा नसल्याने त्यांचे क्रोम ७९ वरच अडकले होते. केबल लावून कन्सोल (ब्राउझरमधली चुकांची नोंद) पाहिला, तेव्हा कोड जावास्क्रिप्टमधल्या ?. या चिन्हापाशी अडल्याचे दिसले. हे चिन्ह क्रोमला ८० पासून कळते आणि व्हीट ६ क्रोम ८७ गृहीत धरून ते तसेच ठेवते. बिल्ड होताना याची एका ओळीचीही सूचना मिळत नाही, हे मला अजूनही खटकते. डेव्ह सर्व्हर तर याहून नवा कोड देतो, त्यामुळे जुन्या फोनवरची तपासणी बिल्ड करून प्रिव्ह्यूमध्येच (बांधलेले ॲप चालवून पाहण्याच्या सोयीत) करावी लागते.

टार्गेट ईएस२०१५ (जावास्क्रिप्टची २०१५ ची आवृत्ती) केल्यावर पान उघडले, पण वजनपावती निघेना, कारण व्हीट लेखनपद्धती बदलते, ब्राउझरमध्ये नसलेली फंक्शने पुरवत नाही, आणि पावतीतले रिप्लेसऑल हे मजकूर बदलणारे फंक्शन क्रोम ८५ मध्ये आलेले आहे. तेव्हा वेबपॅककडे परतण्याचे मी जवळजवळ ठरवले होते. व्हीटच्याच लेगसी प्लगिनने ते मत बदलले. त्यात क्रोम ७९ नमूद केले, टर्सर (कोड आटोपशीर करणारे साधन) वेगळे बसवले आणि पावती निघू लागली. हे प्लगिन जुन्या ब्राउझरांसाठी पॉलिफिलांसह (नसलेली फंक्शने भरून काढणाऱ्या कोडसह) दुसरा संच बांधते. नव्या फोनांना तो उतरवावा लागत नाही, म्हणून शेतकऱ्यांचा डेटाही वाया जात नाही. बिल्डला वेळ जास्त लागतो, पण ते काम रोजचे नाही.

व्हीट ७ ने मूळ टार्गेट क्रोम १०७ वर नेले आहे. गावाकडच्या ग्राहकांसाठी ॲप लिहिणाऱ्यांनी ७ वर जाण्याआधी हे प्लगिन बसवावे आणि ग्राहकाकडच्या सर्वांत जुन्या फोनवर पावती काढून पाहावी. मी व्हीट सोडणार नाही.