अनामत रकमेवर १८ टक्के जीएसटी भरणाऱ्या हिशेबनिसाची कैफियत

साखर कारखान्याच्या लेखा विभागात ३१ वर्षे काढलेल्या माणसाला कोणी २५,२४९ रुपयांना गंडवू शकतो, हे मला स्वतःलाच पटत नव्हते, म्हणून दोन महिने ही गोष्ट मी मुलालासुद्धा सांगितली नाही.

मराठवाड्यातला उन्हाळा आता आम्हा दोघांना सोसत नाही. पारा ४३ वर गेला की घरात बसवत नाही आणि थंड हवेच्या गावी दोन महिने हॉटेलात राहणे निवृत्तिवेतनात बसत नाही. त्यामुळे हाऊससिटिंगची कल्पना मनात भरली. मालक परगावी गेला की त्याचे घर, झाडे आणि कुत्रीमांजरे सांभाळायची आणि त्या बदल्यात फुकट राहायचे, ही पद्धत खरी आहे, जगभर चालते. सहसा मालक आणि राखणदार यांच्यात पैशाची देवघेव होतच नाही. बहुतेक ठिकाणी संकेतस्थळाची वर्गणी तेवढी भरावी लागते. हे सगळे मी आधी वाचले होते, आणि वाचूनही फसलो.

हिमाचलातल्या पालमपूरला दोन खोल्यांचे घर, मागे बाग, एक म्हातारा लॅब्राडॉर. मालक फोनवर इतका अदबीने बोलायचा की मीच संकोचून जायचो. सभासद नोंदणीचे १,४९९ रुपये, परत मिळणारी अनामत १५,००० रुपये, तीवर जीएसटी २,७०० रुपये, कुत्र्याचा विमा ४,२५० रुपये आणि पोलीस पडताळणीचे १,८०० रुपये असे पाच हप्त्यांत पैसे गेले. प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यापोटी भरला, कारण इथे थांबलो तर भरलेलेही बुडतील, असे वाटत राहिले.

त्या २,७०० रुपयांच्या पावतीपाशी मी आजही रोज जाऊन थांबतो. परत करायच्या अनामतीवर जीएसटी लागत नाही, हे मी कारखान्यात नव्या कारकुनांना शिकवले आहे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात; हिमाचलचे ०२. पावतीवर ०७ होते, म्हणजे दिल्ली, आणि अक्षरे १४ होती. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहायला एक पैसा लागत नाही. मी मात्र चष्मा लावून फक्त १५,००० चे १८ टक्के बरोबर काढले आहेत का, एवढेच तपासले. ते बरोबर होते.

सौभाग्यवतींनी त्याआधीच बागेचा फोटो पाहून विचारले होते, "अहो, इतक्या थंडीत नारळ येतो का?" मी त्यांना गप्प केले. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की मालकाने आधार कार्डाची प्रत पाठवली होती. पण प्रत कोणाचीही पाठवता येते, हेही मला कळायला हवे होते. व्हिडिओ कॉलवर घर आतून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली, की विषय तिथेच संपवा.

परभणीहून सचखंड एक्सप्रेस, मग पठाणकोट आणि तिथून बस. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कुत्र्यासाठी घेतलेला नवा पट्टा घेऊन आम्ही दिलेल्या पत्त्यावर पोचलो तेव्हा समोर चहाच्या मळ्याचे कुंपण होते. फोन बंद. चार रात्री लॉजवर काढल्या, ६,४०० रुपये वेगळे गेले.

तिथल्या ठाण्यात सांगितले, पैसे महाराष्ट्रातून गेले, तक्रार तिकडे करा. गावी आलो तर आमच्या ठाण्यात म्हणाले, घर तिकडे, तक्रार तिकडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेले. साहेबांनी तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला. तीन खेपांनंतर मिळाली ती नुसती पोच. बँकेत विचारले, "पिन तुम्हीच टाकला ना?" रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना संरक्षण देते, आपल्या हाताने भरलेल्या पैशांना नाही, हे त्यांनी ज्या तत्परतेने ऐकवले, तिच्या निम्म्या तत्परतेने समोरचे खाते गोठवायला कोणी धावले नाही. मीही उशीर केला होता, शेवटचा हप्ता जाऊन नऊ दिवस झाले होते. तुम्ही ठाण्याची पायरी चढण्याआधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा. रक्कम खात्यातून पुढे सरकण्याआधीच ती अडवता येते.

काल तोच बागेचा फोटो पुन्हा दिसला. लॅब्राडॉर तोच, नारळ तोच, घर मात्र आता अलिबागला आहे. अनामत १८,००० रुपये.