फोलिअट की लंबक? इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांची घंटेवाली घड्याळं

कॉर्नवॉलमधल्या कोटहील हाउसच्या चॅपलमध्ये 15व्या शतकाच्या शेवटी किंवा 16व्याच्या सुरुवातीला बसवलेलं लोखंडी घड्याळ आहे, त्याला तबकडीच नाही! काटेही नाहीत, फक्त तासाला घंटा वाजते, बास. आतमध्ये लंबक नाही तर फोलिअट, म्हणजे एक आडवा दांडा जो इकडून तिकडे हेलकावे घेत राहतो आणि त्याच्या टोकांची छोटी वजनं आतबाहेर सरकवून वेग कमीजास्त करायचा.

आता दुसरी बाजू, म्हणजे नंतरच्या हवेल्यांच्या तबेल्यांवर दिसतात ती लंबकाची घड्याळं. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने 1656 मध्ये घड्याळात लंबक आणला आणि खेळच बदलला, कारण लंबकाचा झोका स्वतःच्या लांबीनुसार चालतो, फोलिअटला तशी स्वतःची लयच नसते, त्यामुळे ते दिवसाला पंधरा मिनिटंही सहज चुकायचं. मग काय, बहुतेक जुन्या घड्याळांना लंबक लावून टाकले. सॉल्सबरी कॅथीड्रलच्या घड्याळाचंही तेच झालं (ती काही हवेली नव्हे, पण उदाहरण चांगलंय), 1956 ला ते परत फोलिअटवर आणलं. कोटहीलचं मात्र यातून सुटलं.

वेळ बघायची तर लंबक, वादच नाही. चावी दोन्हीकडे द्यावीच लागते, म्हणजे वजनं वर ओढायची. पण बघायला जायचं असेल तर मी कोटहीलच म्हणेन, तबेल्यावरची घड्याळं काय, तिकडे खूप सापडतात.