‘द ट्यूरिन हॉर्स’: घोड्याचं पुढे काय झालं?

बेला तार यांच्या या हंगेरियन चित्रपटाला २०११ मध्ये बर्लिन महोत्सवात ज्युरींचं ‘रौप्य अस्वल’ (पुरस्कार) मिळालं आणि समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. सहलेखक लास्लो क्रास्नाहोर्काई. त्यांना २०२५ चं साहित्याचं नोबेल मिळालं. अडीच तासांच्या आसपास लांबी, कृष्णधवल, अवघे तीस शॉट. ‘फार संथ आहे’ ही तक्रार इथे गैरलागू. संथपणा हेच या चित्रपटाचं बळ आहे. निराशा होते ती वेगळ्याच कारणाने.

सुरुवातीला काळा पडदा आणि निवेदन: ३ जानेवारी १८८९, ट्यूरिन. अडून बसलेल्या घोड्याला गाडीवान चाबकाने झोडतोय, तेव्हा जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे घोड्याच्या गळ्यात हात टाकून रडतो. नीत्शेचं पुढे काय झालं (त्याला वेड लागलं) ते जगाला ठाऊक आहे. घोड्याचं काय झालं, ते माहीत नाही. लगेच वाऱ्यात गाडी ओढणारा घोडा दिसतो. कॅमेरा कधी त्याच्या तोंडाशी येतो, कधी दूर होतो, मिहाय विग यांचं तेच तेच संगीत गोल फिरत राहतं. फ्रेड केलेमेन यांच्या छायांकनातला हा शॉट कितीदाही पाहावा.

पुढचे सहा दिवस घोड्याचा मालक असलेला बाप आणि त्याची मुलगी. बापाचा उजवा हात लुळा, म्हणून कपडे मुलगी चढवते. विहिरीवरून दोन बादल्या पाणी, सकाळी पालिंकाचे (हंगेरियन फळांच्या दारूचे) घोट, जेवायला माणशी एक उकडलेला बटाटा. हा बटाटा नीट पाहण्यासारखा आहे. पहिल्या दिवशी कॅमेरा बापावर असतो. तो एका हाताने चटके सोसत सालं ओरबाडतो आणि अधाशासारखा खातो. दुसऱ्या दिवशी तेच जेवण मुलीच्या बाजूने, तिसऱ्या दिवशी दोघं एकाच चौकटीत. एकही शब्द न बोलता दोन स्वभाव कळतात.

असं असताना दुसऱ्या दिवशी शेजारी बर्नहार्ड दारू मागायला येतो आणि गाव उद्ध्वस्त झाल्याचं, माणसांनी हात लावेल ते नासवल्याचं लांबलचक भाषण ठोकतो. बाप ते फालतू म्हणून उडवून लावतो, पण त्याने चित्रपट सुटत नाही. कारण पुढचा प्रत्येक दिवस बर्नहार्डचं म्हणणं खरं करायलाच उगवतो. घोडा खाणं सोडतो, विहीर आटते, मग दिवे आणि निखारेही विझतात. जे बटाट्यातून समजत होतं ते आता तोंडाने सांगून झालेलं असतं. उरतात फक्त टप्पे, आणि पुढचा कुठला ते आधीच कळतं.

खरी घसरण चौथ्या दिवशी आहे. सामान हातगाडीवर लादून दोघं निघतात, टेकडीवरच्या झाडापलीकडे दिसेनासे होतात आणि थोड्या वेळाने परत येतात. का? पलीकडे काय दिसलं? कॅमेरा घरापाशीच थांबलेला. अनेकांना हा चित्रपटाचा कळस वाटतो. मला इथे दिग्दर्शकाचा हात दिसतो: शेवट आधी ठरला आहे, म्हणून माणसं मागे फिरली. आणि ज्या घोड्याचं नाव घेऊन सगळं सुरू झालं, त्याच्यावर पाचव्या दिवशी तबेल्याचं दार लागतं. त्यानंतर तो दिसतच नाही. निवेदनाने विचारलेला प्रश्न चित्रपटानेच टाकून दिला.

तार यांच्याच ‘वर्कमायस्टर हार्मनीज’मध्ये (२०००) असं होत नाही. तिथे विध्वंस जमावाच्या हातून होतो. इस्पितळाची मोडतोड करणारी माणसं एका उघड्या, हाडकुळ्या म्हाताऱ्यापुढे थबकतात. तो काळोख माणसांनी केलेला आहे, म्हणून अंगावर येतो. इथला काळोख आकाशातून सोडलेला आहे.

पाहायचाच असेल तर मोठ्या पडद्यावर पाहा. मोबाइल अजिबात नको. घरच्या टीव्हीवर ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, खोली पूर्ण अंधारी ठेवा. कमी दर्जाच्या स्ट्रीमिंगमध्ये पाचव्या रात्रीच्या काळोखाचे चौकोनी ठिपके होतात. आवाज चांगल्या स्पीकरवर लावा, कारण सहाव्या दिवशी वारा थांबतो आणि ती शांतता ऐकू यावी लागते. त्या शांततेत बाप कच्चा बटाटा चावू पाहतो, मुलगी हातही लावत नाही. एरिका बोक यांचा तो चेहरा मात्र विसरता येत नाही.